मदत हवी आहे: द्राक्षाच्या वाय मांडवावर ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या) पळाले, खोडाजवळ काड्याच नाहीत (कळमेश्वर, नागपूर)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. एक एकर माणिक चमन द्राक्ष आहे, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळ झाड) डॉगरीज. अंतर ९ × ५ फूट, वाय पद्धत (Y आकाराच्या आधाराचा मांडव), ओळी उत्तर-दक्षिण. जमीन मध्यम काळी, ठिबक आहे. फेब्रुवारीत रिकट घेतला (वेल खाली छाटून नवी फूट घेतली). खोड तारेपर्यंत आलं आणि दोन्ही बाजूंना एकेक ओलांडा काढला. ओलांडे न थांबता पळाले, आता शेजारच्या वेलीला भिडलेत. फुटी फक्त टोकाकडे आहेत, खोडापासून दीड फूट टक्कल. पेरं (दोन डोळ्यांमधलं, म्हणजे फुटीच्या कळ्यांमधलं, अंतर) चार-चार इंचांचं. पश्चिमेकडची पानं मे महिन्यात कडेनं करपली आणि उघड्या ओलांड्याची साल वरच्या अंगाला तडकलीय.

ओलांडा मागे कापू का? पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय, कॅनॉपी (पानांचा पसारा) किती ठेवू? आणि ऑक्टोबरला छाटून माल (घड) धरता येईल का? सल्ले मिळतात ते सगळे नाशिकचे, तिकडच्या हवेचे.

मांडवाखाली

भाऊ, आधी कारण बघा. डॉगरीज मुळातच जोमदार, त्यात युरिया आणि पाणी भरपूर मिळालं की शेंडा सगळा रस ओढतो आणि मागचे डोळे झोपून राहतात. म्हणून ओलांडा एका दमात न्यायचा नसतो. कोवळी फूट ९-१० पानांची झाली की ६-७ पानांवर खुडायची. मग मागच्या पेऱ्यांतून बगलफुटी निघतात, त्याच पुढे मालकाड्या (घड देणाऱ्या काड्या) होतात. टोकाची बगलफूट तारेवर पुढे न्यायची, तिलाही तसंच थांबवायचं. थांबत थांबत गेलं की पेरंही आखूड राहतं.

आता हिशोब. एका वेलीला ४५ चौरस फूट जागा. दीड चौरस फुटाला एक काडी धरली तर ३० काड्या, म्हणजे अडीच फुटांच्या एका ओलांड्यावर १५. तुमचं पेरं चार इंचांचं, तर ३० इंचांत डोळेच सात. पंधरा काड्या बसवणार कुठं? माझं मत, ओलांडा मागे घ्या.

काळी_माती

कापायचाच असेल तर आत्ता नको. या उन्हात कापलेल्या वेलीवर येणारी कोवळी फूट एक तर होरपळते, नाहीतर थेट पावसात सापडते आणि केवडा (पानांवरचा बुरशीरोग) पहिल्यांदा तिच्यावरच बसतो. कापणी फेब्रुवारीच्या मध्यावर, थंडी ओसरल्यावर.

आज एवढं करा. ओलांड्याचा शेंडा शेजारच्या वेलीच्या अर्ध्या फुटावर छाटा. टकलातल्या पेऱ्यांवरची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळा उघडा पडतो. आठ-दहा दिवसांत डोळे फुगले तर निम्मं काम झालं. न फुगलेल्या डोळ्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे शेंड्याच्या बाजूला, पाव इंच सोडून सालीवर फक्त साल कापली जाईल इतकी बारीक खाच घ्या. शेंड्याकडून येणारा, डोळा दाबून ठेवणारा प्रवाह तिथं अडतो. खाच लाकडात गेली तर ओलांडा तिथंच मोडतो. हायड्रोजन सायनामाइडचं (डोळे फोडायच्या रसायनाचं) पेस्टिंग हिरव्या लाकडावर करू नका, डोळे जळतात.

फेब्रुवारीत ओलांड्याची जाडी बघून ठरवा. पेन्सिलीपेक्षा जाड, तपकिरी, आत भरीव असेल तर ठेवा आणि त्यावरच्या काड्या दोन-दोन डोळ्यांवर छाटा. एका ठिकाणाहून दोन काड्या घेतल्या की सातचे चौदा होतात. बारीक, पोकळ ओलांडा खोडापासून एका डोळ्यावर मागे.

धागाकर्ता

धन्यवाद. साल तडकलीय त्याचं काय?

मांडवाखाली

काळी_माती म्हणतात ते पटलं, जाडीवर सोडा.

सालीचं म्हणाल तर ते उन्हाचं भाजणं आहे, रोग नाही. तडकलेल्या भागाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. पुढच्या वर्षीपासून मार्चअखेर उघडा ओलांडा चुन्यानं पांढरा करा. आणि खरड छाटणी (नव्या काड्या काढायची उन्हाळी छाटणी) एप्रिलच्या मध्यावर नेऊ नका. नागपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीपार जातो, तोवर ओलांड्यावर पानांची सावली हवी. मार्चचा शेवटचा आठवडा बरा. बुडाशी सोयाबीनचं कुटार नाहीतर धानाची तणस चार बोटं पसरा, खोडापासून वीतभर दूर. चिकटून ठेवलं तर वाळवी थेट खोडावर.

काळी_माती

आता पावसाळा. कॅनॉपी कमी करायची म्हणजे पानं ओरबाडायची नाहीत. हवा खेळली पाहिजे. खोडावरची आणि खुंटाची फूट पूर्ण काढा. काड्या वायच्या दोन्ही हातांवर चार-चार इंचांवर बांधा, एकावर एक पडू देऊ नका. काडी १५-१६ पानांवर थांबवा, बगलफुटी एका पानावर खुडा. दुपारी मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले तर बरोबर. गच्च सावली असेल तर आत डोळ्यांना ऊन मिळत नाही, सूक्ष्मघड (डोळ्यातला पुढच्या घडाचा अंकुर) धरत नाहीत आणि भुरी रोगाला घर मिळतं. नत्र आता बंद. पालाश चालू ठेवा, काडी पिकायला हवी.

केवड्यासाठी रोज पान उलटून बघा. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव असेल तर तोच. कोवळ्या पानांवर अर्धा टक्का बोर्डो, ऑगस्टमध्ये पानं जून झाल्यावर एक टक्का, म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबडा थर चढला तर चुना कमी पडलाय. फवारा पानाच्या खालून लागला पाहिजे, वरून ओलं दिसून भागत नाही.

संत्रीवाला

ऑक्टोबरच्या मालाबद्दल कोणी बोललं नाही. सूक्ष्मघड तयार होतात ते काडी निघाल्यावर साधारण ४० ते ६० दिवसांत. आता जूनमध्ये फुटणारी काडी नेमकी जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत त्या अवस्थेत येते, घडाऐवजी बाळ्याच (ताणे) निघतात. एप्रिल-मेमध्ये टोकाला निघालेल्या काड्यांत मात्र घड असू शकतो. छाटणीआधी दहा-बारा काड्या डोळे तपासणीला द्या. द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे, आपल्या अमरावती रोडवरचं केंद्र लिंबूवर्गीय फळांचं. मला विचाराल तर यंदा माल विसरा जी. टोकाला घड धरले की वेल पुन्हा तिकडेच पळते आणि टक्कल कायमचं होतं.

धागाकर्ता

समजलं, यंदा सांगाडाच करतो. ओलांडे सध्या तारेला पीळ देऊन नेलेत, चालेल का?

काळी_माती

नाही, याच आठवड्यात सोडवा. ओलांडा जाड झाला की तार लाकडात रुतते आणि पुढचा भाग उपाशी राहतो. तारेच्या खालून सरळ घ्या, सुतळीनं आठच्या आकड्यासारखी सैल गाठ, दर सहा-सात इंचांवर. सोडवायचं काम दुपारी करा. सकाळी फूट रसरशीत असते, कट्‌कन मोडते.