जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करून उभी करावी का?

दहा-अकराचा पाना: करावीच. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, सेन्सर नावाला नाही. वर्षानुवर्षं उभी राहून इंजिन जाम झालं असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि एटीएफचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं) मिश्रण सोडा. दोन दिवसांनी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं मागे-पुढे हलवा. जोर लावलात की पिस्टनची रिंग तुटलीच समजा. बोअरिंग (सिलेंडर आतून कातणं) आणि क्रँक ग्राइंडिंग लेथवाल्याकडे, बाकी सगळं घरी.

पत्र्याचा वाली: इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी झाली? पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळं वजन बॉडीच पेलते. दारांखालची सिल, म्हणजे लांब पोकळ पट्टी, आतून कुजलेली असते आणि वरून पुट्टीनं गुळगुळीत! दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाचल्याशिवाय ती कापली तर बॉडी मध्यात बसते, मग दारं लागतच नाहीत. गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा वाकतो. मिगच हवं, म्हणजे तार सोडत जाणारं विजेचं वेल्डिंग, ०.८ मिमी तार, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. हे अंगणात शिकायचं काम नाही.

दहा-अकराचा पाना: सिलपुरतं मान्य. डिकीचा तळ आणि मडगार्ड मात्र घरी जमतात. गंज घासून फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावा, धुऊन पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रात्रभर उघडा राहिला की पुन्हा तांबूस.

ड्रमब्रेक: दोघंही ब्रेक विसरलात. चाकातल्या ब्रेकच्या व्हील सिलेंडरच्या आत नख फिरवून बघा. खड्डा लागला तर नवी रबरं घालूनही गळणार, सिलेंडरच बदला. ब्रेकमध्ये डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल घाला, इंजिन ऑइलच्या थेंबानंही रबर फुगतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुनी नळी आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही (रबरी पडदा) काढून टाका.

आरसीबुक: डिझेल इंजिन बसवायचा मोह होणाऱ्यांनी २०२१चे व्हिंटेज नियम आधी वाचावेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेलीच गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, रोजच्या वापराला बंदी. साठच्या दशकातली डिलाइट, म्हणजे पद्मिनीची आधीची फिएट, यात बसेल, ८५ची पद्मिनी नाही.

पत्र्याचा वाली: म्हणजे ८५वाल्यानं सिलही करायची आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीलाही उभं राहायचं. त्यानं तर वेल्डिंग घरी करूच नये.