'लैंगिक कल' की 'अभिमुखता'? अडलंय

गिरगावकर: परळच्या एका संस्थेला योग्याकार्ता तत्त्वांचं मराठी करून देतोय. 2006 च्या नोव्हेंबरात इंडोनेशियातल्या त्या शहरात मानवी हक्कांवर काम करणारे वेगवेगळ्या देशांतले लोक जमले आणि आहे तोच आंतरराष्ट्रीय कायदा समलिंगी, ट्रान्स लोकांना कसा लागू होतो ते 29 तत्त्वांत मांडलं, 2017 ला आणखी 9 जोडली. 'सेक्शुअल ओरिएंटेशन'ला, म्हणजे कुणाला कुणाची ओढ वाटते त्याला, मी 'लैंगिक कल' लिहिलं तर संस्थेतला पोरगा म्हणतो कल नको. का, ते सांगत नाही.

काळीपिवळी: बरोबरे त्याचं. कल मतमोजणीचा असतो, सकाळी एकाचा दुपारी दुसऱ्याचा. आणि दहावीची कल चाचणी आठवते ना? भाचीला 'गणवेशधारी सेवा' आलं होतं, ती पाल दिसली की स्टुलावर चढते.

शब्दवेल्हाळ: 'अभिमुखता' घ्या. ओरिएंट म्हणजे पूर्व, पूर्वेकडे तोंड करणं, अभि + मुख. इतकं चपखल असताना शोधताय काय?

ठाणेवकील: चपखल आहे हो, पण पोलीस चौकीत कुणाला कळणार. आणि अडचण 'लैंगिक'ची पण आहे, मूळ व्याख्येत भावनिक ओढ, माया, शारीरिक ओढ असं सगळं एकत्र आहे, आपण 'लैंगिक' म्हटलं की ऐकणारा थेट बेडरूममध्ये शिरतो. 'कल' तर नकोच. कल म्हटला की घरचे म्हणतात मग बदलून घे ना, आणि नेतात कुठल्यातरी डॉक्टरकडे. मद्रास हायकोर्टाला 2021 मध्ये असले 'उपचार' बंद करा म्हणून सांगावं लागलं. त्याच केसमुळे तमिळनाडूनं 2022 ला असल्याच शब्दांची यादी राजपत्रात छापली, आपण अजून इथं भांडतोय.

शब्दवेल्हाळ: उद्या चौकीत कळत नाही म्हणून 'फिर्यादी' पण काढा.

ठाणेवकील: काका, फिर्याद फारसी आहे 😀

मालवणीची_मी: जेंडर आयडेंटिटीला काय लिहिलंत? 'तृतीयपंथी ओळख' असेल तर आत्ताच खोडा. मी बाई आहे, तिसरी कशाला? सुप्रीम कोर्टानं 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितलंय की स्त्री, पुरुष का तिसरं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, ऑपरेशनची अट नाही, आणि त्यात हीच तत्त्वं आधाराला घेतलीयत. तरी एका सरकारी ऑफिसात क्लार्कनं माझ्या फॉर्मवर पेन्सिलनं 'स्त्री' आणि 'इतर' दोन्हीवर टिक केली, म्हणे साहेब आले की एक खोडू.

शब्दवेल्हाळ: तृतीयपंथी शब्द तसाही चूकच. पंथ म्हणजे संप्रदाय, नाथपंथ, महानुभाव पंथ. किन्नर म्हणा, किम् + नर.

काळीपिवळी: म्हणजे 'हा कसला नर'? वा, सन्मानच केलात की.

मालवणीची_मी: आमच्या घराण्यांत गुरू-चेला चालतं, त्यामुळे पंथ अगदीच चूक नाही, माझी गुरू स्वतःला अभिमानानं तृतीयपंथी म्हणते. तिला म्हणू दे. मला नको.

गिरगावकर: 'लिंगभाव ओळख' केलंय. चालेल?

ठाणेवकील: चालेल. पण वर टीप टाका की हा करार नाही, कुठल्या देशानं सही केलेली नाही, नाहीतर लोक 'योग्याकार्ता कायदा' म्हणून अर्जात ठोकतात. बळ आहे ते त्यामागच्या करारांचं, आणि नालसासारख्या निकालांचं.

काळीपिवळी: योग्य-कर्ता, म्हणजे योग्य ते करणारा असं का?

शब्दवेल्हाळ: छे. अयोध्येवरून आलंय, 'योग्या' म्हणजे अयोध्या. त्यामुळे 'ग्या' दीर्घच, 'योग्यकर्ता' लिहिणाऱ्याचे कान पिळा.

काळीपिवळी: तिथले लोक तर जोग्जा म्हणतात, बहीण राहून आलीय. आपण बॉम्बे खोडून मुंबई करून घेतलं, मग त्यांचं जोग्जा का नाही?

शब्दवेल्हाळ: जोग्जा लाडाचं आहे. तुम्ही पत्रिकेत बंड्या छापता का?

काळीपिवळी: आमच्याकडे छापलंय, कंसात.