जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नाही; पासपोर्टसाठी काय करावे?

सातारकर:
आमच्या मुलीचा जन्म जानेवारी 2024 मधला असून नगरपालिकेने दिलेल्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावे आहेत, मात्र मुलीच्या नावाचा रकाना कोराच राहिला आहे. आधार कार्डावर तिचे नाव व जन्मतारीख दोन्ही आहेत, तेवढ्यावर भागेल का?

पिंपळपान:
भागणार नाही. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. जन्माची नोंद जिथे झाली त्याच निबंधक कार्यालयात नाव नोंदवण्याचा अर्ज द्यावा. नोंदणीपासून वर्षभर ही सोय विनाशुल्क असते, आपल्याला विलंब शुल्क भरावे लागेल. नवा दाखला हाती आल्यावर नावाचे स्पेलिंग आधारशी अक्षरशः जुळवून पाहावे, कारण ‘दीक्षा’ एकीकडे दोन ‘ई’ने आणि दुसरीकडे एका ‘आय’ने लिहिलेले असले, तरी खिडकीवर अर्ज अडतो.

कोकणवारा:
वरील उत्तरात भर घालतो. अल्पवयीन मुलांसाठी परिशिष्ट ‘ड’ हे घोषणापत्र लागते व त्यावर आई-वडील दोघांच्याही सह्या हव्यात. पत्त्याचा पुरावा पालकांचा चालतो. मूळ कागदपत्रे आणि स्वसाक्षांकित झेरॉक्स प्रती दोन्ही न्याव्यात. चार वर्षांखालील बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा असतो (झोपलेल्या बाळाचा नव्हे!). आठ वर्षांखालील मुलांना शुल्कात दहा टक्के सवलत आहे.

सातारकर:
आभारी आहे, नाव नोंदवून झाल्यावरच भेटीची वेळ घेईन.