सल्ला हवा: एआर-१५ चा अपर लोअरवर नीट बसत नाही

ऑस्टिनचा_अव्या (धागाकर्ता)
मंडळी, पहिली एआर-१५ रायफल घरीच जुळवतोय. लोअर (ट्रिगरवाला खालचा भाग) एका कंपनीचा, सेलमध्ये मिळालेला. अपर (वरचा भाग) दुसऱ्या कंपनीचा, बॅरलसकट तयार. दोन्ही जोडणारी पुढची पिव्हट पिन मुकाट जाते. मागची टेकडाउन पिन अर्ध्यात अडते. मी अपर दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि बायकोने पिनवर रबरी हातोडी मारायची, तेव्हा कुठे बसते. काढतानाही तोच तमाशा. शनिवारी रेंजवर जायचंय. बजेट २५ डॉलर. नवा अपर घ्या असं कृपया कोणी सांगू नका.

रानडुक्कर_शिकारी
२५ डॉलरमध्ये काय होतंय राव? मी तयार रायफल घेतली, ११०० पडले. खोक्यातून काढली, तेल दिलं, त्याच आठवड्यात दोन डुकरं. सुटे भाग गोळा करून काय वाचतं ते मला कधी कळलेलं नाही.

अनिवासी_आगाऊ
आधी एक सांगा, ग्रीन कार्ड आहे ना? एच-वन व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही.

रानडुक्कर_शिकारी
येते. शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे. अर्धवट माहिती देऊ नका.

अनिवासी_आगाऊ
टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर डुकरं मारायला २०१९ पासून लायसन्सच लागत नाही. मालकाची परवानगी पुरते. मग लायसन्स काढणार कशाला?

रानडुक्कर_शिकारी
डुकरासाठी लागत नाही हो, एच-वनवाल्याला बंदुकीसाठी लागतं! दोन्ही कायदे वेगळे. एक राज्याचा, एक केंद्राचा.

ऑस्टिनचा_अव्या
मी सिटिझन आहे. पिनबद्दल कोणी बोलेल का?

भोसरीकर
बंदुकीतलं मला कळत नाही, पण टूलरूममध्ये आयुष्य गेलंय. दोन्ही भाग ॲल्युमिनियमचे, वर हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे ऑक्साइडचा कडक थर. हा थर साधारण ५० मायक्रॉनचा, निम्मा धातूत मुरतो, निम्मा वर चढतो. म्हणजे प्रत्येक बाजू २५ मायक्रॉनने वाढली आणि भोकाचा व्यास ५० ने घटला. दोन वेगळ्या कारखान्यांचे भाग, दोघेही आपापल्या टॉलरन्समध्ये (मापातल्या मान्य फरकात), तरी एकत्र आले की टाइट. घासायच्या आधी ब्लू (खुणेची निळी शाई) मारून बघा. ब्लू नसेल तर मार्करची शाई चालते. लावा, बंद करा, उघडा, शाई कुठे पुसली ते बघा. अडतंय कुठे हे न बघता कानस हातात घेऊ नका.

ह्यूस्टनचा_बंड्या
लॅपिंग पेस्ट लावून भोक मोठं करा, विषय संपला. माझ्या मित्राने ड्रिलला सँडपेपर गुंडाळून केलं होतं. जरा जास्त झालं, आता त्याची रायफल खुळखुळते. पण पिन जाते मस्त.

कडक_लक्ष्मी
बंड्या, कृपा करा. आणि भोक कुठलं, लोअरचं? कायद्याने लोअर म्हणजेच बंदूक, नंबर त्याच्यावर असतो. अपर पोस्टाने घरी येतो, लोअरसाठी पुन्हा दुकान, पुन्हा फॉर्म. घासायचीच वेळ आली तर पिन घासा. दोन-चार डॉलरची वस्तू आहे.

अव्या, तुम्ही याच क्रमाने बघा. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री. मग बोल्ट कॅरियर आणि चार्जिंग हँडल हे अपरच्या आतले भाग काढून नुसता अपर बसवा. तसा सहज बसला तर दोष आतल्या भागांत. तरीही अडला तर बफर ट्यूब (लोअरच्या मागची, दस्त्यातली नळी) बघा. एक आटा जास्त फिरली की तिची कड पुढे येते आणि अपरच्या मागच्या बाजूला घासते. मात्र मागे घेताना बेतानं, कारण बफरची छोटी पिन तिच्याच कडेने दबून राहते. जास्त मागे गेली तर ती पिन स्प्रिंगसकट उडते. आणि अपर काढलेला असताना ट्रिगर दाबू नका, हॅमर लोअरवर आदळतो.

पॉइंट_ब्लँक
अपर आणि लोअरच्या मध्ये बसवायची रबराची पाचर मिळते, दहा डॉलरच्या आत. मी लावली, रायफल एकदम घट्ट.

भोसरीकर
त्यांची घट्टच आहे, हाच तर प्रश्न आहे.

पॉइंट_ब्लँक
बरं, पण घट्ट असलेली बरी ना? नेम सुधारतो.

कडक_लक्ष्मी
नेमाशी फारसा संबंध नाही. बॅरल, बोल्ट, दुर्बीण सगळं अपरवर. लोअर थोडा हलला तर हाताला जाणवेल, गोळीला नाही.

पॉइंट_ब्लँक
माझा ग्रुप (निशाणावरच्या भोकांचा घोळका) पाचर लावल्यावर लहान झाला. डोळ्यांनी पाहिलंय.

माजी_हवालदार
आमची एसएलआर रायफल ७.६२ मिमीची. तीही बिजागरीवर उघडायची, कधी हातोडी लागली नाही. आता सैन्याने सिग ७१६ घेतल्या, २०१९ च्या करारात ७२,४०० नग. त्यांची जोडणी तुमच्या एआरसारखीच, दोन पिनांची. नवीन हत्यार नव्या कोल्हापुरीसारखं चावतंच. तेल द्या, पन्नास वेळा उघडा-मिटा. इकडे भारतात लायसन्सवर तीनच्या दोन बंदुका केल्या, तिकडे तुम्ही पोरं घरी जुळवताय. मजा आहे.

टेक्सासचा_तात्या
+१ हवालदार साहेब. उघडा-मिटा.

ह्यूस्टनचा_बंड्या
मीही तेच म्हणतोय. थोडी पेस्ट लावून उघडा-मिटा.

कडक_लक्ष्मी
अव्या, एक विसरलेच. काही लोअरमध्ये अपर घट्ट बसावा म्हणून आतून नायलॉनच्या टोकाचा छोटा टेन्शन स्क्रू असतो. पिस्तूल ग्रिपचा बोल्ट जातो त्या भोकातच, ग्रिप काढली की दिसतो. तो वर चढलेला असेल तर अपरचा मागचा कान (पिनेचं भोक असलेला) खाली येऊच देत नाही. तुमच्यात आहे का बघा.

अनिवासी_आगाऊ
ग्रिप काढताना सेफ्टीची स्प्रिंग आणि डिटेंट (खटक्याची बारकी पिन) पडतो, सांभाळा. माझा सोफ्याखाली गेला, अजून तिथेच असेल.

ऑस्टिनचा_अव्या
अपडेट. कॅरियर काढून बघितलं, तरी अडत होतं. भोसरीकर काकांची शाई लावली. बफर ट्यूबची कड कोरीच राहिली, मागच्या कानाच्या बुडाची मात्र पुसली गेली. ग्रिप काढली तर लक्ष्मीताई म्हणाल्या तो स्क्रू चांगलाच वर आलेला. ॲलन कीने दोन फेरे खाली घेतला, पिनेला ग्रीसचं बोट लावलं. आता अंगठ्याने जोर दिला की जाते. बायकोची हातोडीच्या ड्यूटीतून सुटका. खर्च शून्य. सगळ्यांचे आभार.

रानडुक्कर_शिकारी
म्हणजे झालं ना काम. शनिवारी फोटो टाका.

ऑस्टिनचा_अव्या
फोटोला वेळ आहे. लोअरच्या कंपनीचाच अपर मागवला काल रात्री, ३२० ला. उन्हात धरल्यावर दोन्ही काळ्यांची छटा वेगळी दिसते, ते डोळ्यांना खुपत होतं.

भोसरीकर
अहो, काम चालू झालेलं असताना??

कडक_लक्ष्मी
नव्या अपरला तो स्क्रू पुन्हा सेट करावा लागेल. अपर बसवताना स्क्रू आधी पूर्ण खाली घ्या, मग हळूहळू वर.

पॉइंट_ब्लँक
ढिला निघाला तर पाचर आहेच.

रानडुक्कर_शिकारी
नवा अपर घ्या असं सांगायला आम्हालाच मनाई होती वाटतं. जुन्याचं बॅरल १६ इंची असेल तर किंमत व्यनि (खाजगी निरोप) करा. छटेचं मला काही नाही, डुकरं रात्री निघतात.