मिरचीच्या रोपांना थंडी लागलीय, संध्याकाळी पाणी द्यावं का?

नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यातून लिहितोय. उन्हाळी मिरचीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीला दोन गादीवाफ्यांवर (मातीच्या उंच वाफ्यांवर) बी टाकलं. उशिरा का होईना, उगवण चांगली झाली. आता रोपं चार पानांवर आहेत आणि गेले चार दिवस पहाटे पारा ६ अंशांवर येतोय.

काल पान उलटून पाहिलं तर शिरा जांभळ्या, पान हाताला कडक. वाफ्याच्या उत्तरेच्या कडेची वीसेक रोपं आडवी झालीत, देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक आणि काळा. दोन रात्री प्लॅस्टिकचा कागद थेट रोपांवर अंथरला, तर जिथे कागद टेकला तिथलीच पानं करपली.

वडील म्हणतात, संध्याकाळी विहिरीचं पाणी दे, कोमट असतं. पण ओल राहिली तर मर (रोपं मातीलगत कुजून कोलमडण्याचा रोग) वाढेल ही मला धास्ती. शिवाय या आठवड्यात पंपाची लाइट रात्रीची, पाणी मिळणार बारानंतर. जांभळेपणासाठी स्फुरद (फॉस्फरसचं खत) द्यावं का? बी महाग आहे, परत टाकायला वेळही नाही. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
दादा, वडिलांचं बरोबर आहे. ओली माती दिवसाची ऊब रात्री धरून ठेवते. पण तुमच्याकडे मर सुरू झालीय, म्हणून वाफा भिजवू नका. ड्रममध्ये पाणी भरून ठेवा आणि दुपारी तीनच्या आत झारीने दोन ओळींच्या मधे हलकं द्या. सांजेला पानं कोरडी हवीत. आडवी पडलेली रोपं मातीसकट काढा, उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, तेही मुळाशी.

कागद वाईट नाही, टेकला म्हणून करपलं. बांबूच्या कामट्या वाकवून वीतभर उंच कमानी करा, दिवस मावळायच्या आधी झाका, ऊन वर आलं की काढा. विसरलात तर आत उकडून मर दुप्पट होईल. उत्तरेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करा, वारा तिकडूनच येतो.

स्फुरद मातीत असतंच, गारठ्यात मुळं उचलत नाहीत. ऊब मिळाली की नवीन पान हिरवं येईल. युरिया मात्र आता अजिबात नको, रोप लुसलुशीत होऊन थंडीला आणखी बळी पडतं.

धागाकर्ता :
खूप आभार. कामट्या तोडायला निघालोय. रात्री ड्रम भरून घेतो. शेंडा हिरवा आहे अजून, परवा फोटो टाकतो.