पावसापेक्षा आजोबांच्या नावाचं मीटर आड येतं

बरेच जण म्हणतात की गोव्यात चार महिने पाऊस, मग छतावर सोलर कशाला? फोंड्याजवळ आमच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचं आहे. एप्रिलात दिवसाला बारा युनिट सहज, जुलैच्या काळोख्या दिवसात तीन-चार. पण नेट मीटरमुळे (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) उन्हाळ्यातली जास्तीची वीज बिलात वळती होते, म्हणून वर्षाचा हिशेब धरा.

लोक अडतात ते वेगळ्याच जागी. आमच्या वाड्यावर निम्म्या घरांचं मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. घर चार भावांचं, त्यातला एक मुंबईत. सोलरच्या अर्जावर सही कोण देणार? त्यात मंगळुरी कौलं, वर माडांची सावली. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या घरगुती सोलर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान ऐकून उत्साहाने आलेला माणूस इथेच थांबतो. या घरांसाठी कागदपत्रं सोपी व्हायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक, विकणारे हे क्वचितच सांगतात: बॅटरी नसेल तर लाईट गेली की ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजवाहिनीला जोडलेलं सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. आमच्या शेजारच्या काकी हे कळल्यावर फार हिरमुसल्या. आधीच विचारून घ्या.