मिनरल वॉटरचा जार लावावा का? धायरीतल्या पाण्याबद्दल सल्ला हवा

मृण्मयी_धायरी

आमच्याकडे (धायरी, पुणे) वर्षभर कॉर्पोरेशनचं पाणी येतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) पेनवर ९० च्या आसपास दिसतं. एप्रिल-मेमध्ये सोसायटीला टँकर घ्यावे लागतात आणि त्यात बोअरचं पाणी मिसळलं की आकडा ४८० पर्यंत जातो. घरी आरओ (बारीक पडद्यातून क्षार काढणारं मशीन) आहे, त्यातून बाहेर पडणारं पाणी १२ दाखवतं आणि चवीला अगदी बेचव लागतं. २० लिटरचा जार देणारे म्हणतात, 'मिनरल वॉटर आहे, हाडांना कॅल्शियम मिळतं.' घरात एकांना मुतखड्याचा त्रास आहे आणि सासूबाईंना बीपी आहे. जार लावण्यात खरंच फायदा आहे का? नसेल तर आरओचं काय करावं?

पाणीतपासनीस

मृण्मयीताई, आधी जारवर काय छापलंय ते बघा. 'नॅचरल मिनरल वॉटर'चं भारतीय मानक म्हणजे आयएस १३४२८ (ही खूण छापणं २०२४ पर्यंत सक्तीचं होतं). ते झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी असतं, उगमाजवळच भरलेलं, आणि त्यातले क्षार मूळचे असतात. आयएस १४५४३ असेल तर ते 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे कुठलंही पाणी आरओतून काढून, अतिनील किरण किंवा ओझोन देऊन भरलेलं. पुण्यात घरोघरी जातात ते सीलबंद जार बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे. आणि तोटीवाला थंड पाण्याचा जार, ज्याला ना सील ना बॅच नंबर, त्याला मिनरल वॉटर म्हणणं ही सरळ दिशाभूल आहे. सील, बॅच, भरल्याची तारीख आणि १४ आकडी परवाना क्रमांक यातलं कुठलंही एक जरी नसेल तरी तो जार घेऊ नका.

आता आरओ. खडकवासला धरणसाखळीतलं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यामुळे मुळातच मऊ. ९० टीडीएसच्या पाण्याला आरओची गरजच नाही. पडदा ९० टक्के क्षार काढून टाकतो, म्हणून १२ दिसतं, शिवाय एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. वर्षातले दहा महिने अल्ट्राफिल्टर (बारीक गाळणी) आणि यूव्ही (अतिनील किरण) पुरेसे आहेत.

आरओ ठेवायचाच असेल तर आत टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू असतो, तो उघडला की पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. तो पाव वळसा फिरवा, लिटरभर पाणी सोडून द्या, मग मोजा. ७० ते १०० च्या दरम्यान थांबा. इथे हमखास एक चूक होते: पावसाळ्यात पूर्ण उघडलेला स्क्रू उन्हाळ्यात तसाच राहतो. मग ४८० चं टँकरचं पाणी जवळपास जसंच्या तसं ग्लासात येतं, बोअरमधल्या नायट्रेटसकट. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि उकळून ते कमी होत नाही, उलट दाट होतं. म्हणून टँकर सुरू झाले की स्क्रू बंद करत आणा. मिसळलेलं पाणी यूव्हीतून जातंय ना, हेही मेकॅनिककडून बघून घ्या, कारण काही मशीनमध्ये जोडणी यूव्हीच्या नंतर केलेली सापडते.

नाचणी_आणि_नियम

'हाडांना कॅल्शियम' याचा हिशोब मांडू या. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. जारच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम धरलं तर दोन लिटरमधून मिळाले ४०. एक पेला दुधातून सुमारे २४० मिळतात आणि ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १८० च्या जवळपास. जारच्या भरवशावर हाडं मजबूत होत नाहीत.

खऱ्या मिनरल वॉटरचा फायदा मात्र मी नाकारणार नाही. एव्हियनसारख्या परदेशी बाटलीबंद पाण्यात लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, आणि पाण्यातलं कॅल्शियम शरीर दुधातल्याइतकंच चांगलं शोषतं. दूध न चालणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग आहे. पण त्याची किंमत बघता रोज तीळ आणि नाचणी खाणं कितीतरी शहाणपणाचं.

मुतखड्यासाठी पाण्याच्या प्रकारापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतकं प्यायचं, झोपण्यापूर्वीही एक पेला. 'क्षाराचं पाणी नको' म्हणून कॅल्शियम तोडणं उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (खडा बनवणाऱ्या अन्नातल्या घटकाला) धरतं, ते कमी केलं की ऑक्झलेट मूत्रपिंडाकडे जातं.

सासूबाईंसाठी लेबलवर सोडियम बघा, लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असेल तर चिंता नाही. सोसायटीत सॉफ्टनर आहे का? तो १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम सोडतो. स्वयंपाकघराच्या नळाला ते पाणी नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

मृण्मयी_धायरी

सॉफ्टनर आहे, पण तो फक्त बाथरूमच्या लाइनला. टँकरचं पाणी टाकीत पडल्यावर जंतूंसाठी काय करायचं? पेनवर तर काहीच कळत नाही.

टाकीवाला_वडगाव

पेन फक्त क्षार मोजतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जंतू चर्चेत आले. असं पाणी टीडीएस पेनवर अगदी उत्तम दिसू शकतं.

हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. पावडर थेट टाकली की गाळ तळाला बसतो आणि औषध पसरत नाही. तासाभराने क्लोरोस्कोपवर (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारं किट) लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं, शेवटच्या नळाला निदान ०.२. नाही दिसलं तर बहुधा पावडर जुनी आहे (उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो) किंवा टाकीत गाळ आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो, त्यामुळे आधी टाकी धुवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण ड्रेनेजच्या चेंबरशेजारी असेल तर तेही तपासा.

उकळताना पहिले बुडबुडे दिसले की गॅस बंद करू नका, खळखळ उकळी एक मिनिट राहू द्या. भांड्याला पांढरा थर धरला तर तो बोअरच्या पाण्यातला चुना, त्याने अपाय नाही. मग तोटीच्या पिंपात भरा, हात किंवा पेला बुडवू नका. आणि जार घेतलाच तर उन्हात ठेवू नका, उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा.

पाणीतपासनीस

टँकर सुरू होण्याआधी एकदा जंतूंची तपासणी करून घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) मुळीच सापडता कामा नये. बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, घरची चालत नाही. नळाची जाळी काढा, तोंड लायटरने शेकवा, दोन मिनिटं पाणी सोडा, मग भरा आणि वर थोडी जागा ठेवा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. त्या बाटलीच्या तळाशी पांढरे कण दिसतात, ते घाण समजून लोक विसळून टाकतात. तसं करू नका. ते सोडियम थायोसल्फेट असतं, नमुन्यातला क्लोरीन तिथेच थांबवायला. ते धुऊन टाकलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि खराब पाण्याचाही अहवाल चांगला येतो.